हेरंबच्या फोटोला हार

आमच्या ह्यांना एखादं काम सांगावं आणि ते सांगितल्याप्रमाणे व्हावं, असं उभ्या संसारात एकदाही घडलेलं नाही. "हेरंबचा फोटो पाटावर ठेवा," एवढंच मी म्हटलं होतं. हार घाला असं मी म्हटलेलं नव्हतं.

हेरंब आमचा नातू. त्या दिवशी त्याला तिसरं सरून चौथं लागत होतं. अच्युतला, म्हणजे आमच्या मुलाला, नैरोबीला रेल्वेत नोकरी लागली आणि दिवाळी झाल्या झाल्या तो, सूनबाई आणि पोर, तिघं बोटीत बसून गेली. तिकडे सिंह असतात म्हणे. "आई, सिंह काही शहरात येत नाहीत," अच्युत हसून म्हणाला. न येवोत बापडे. पण बोट हलली त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला तो लागलाच. त्यात पोराला ताप भरल्याचं पत्रातून कळलं होतं, आणि पुढे उतरला की नाही याचा काही पत्ता नव्हता.

हा त्याचा पहिलाच वाढदिवस, माझ्या हातून ओवाळून न घेता जाणारा. तेव्हा म्हटलं, पोर नाही तर पोराचा फोटो. पौषातली त्याची तिथी आली की इथून ओवाळायचं. तेवढीच इडापिडा टळेल.

आणि दिवस तरी कसले निवडून आले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून रेडिओवर ऐकवलं आणि सगळं गिरगाव रस्त्यावर उतरलं. ठाकूरद्वारच्या नाक्यावर बंदुका घेतलेले पोलीस. संचारबंदी. दुकानं बंद. मधेच आवाज यायचे, आणि मग सगळी वाडी गप्प व्हायची, की आता कुणाचा नंबर लागला. आमच्या मागच्या चाळीतला, गिरणीत जाणारा एक मुलगा परवाच गोळी लागून गेला होता. मी त्याला ओळखतही नव्हते, पण त्या दिवसापासून रस्त्याकडची खिडकी मी उघडलेली नव्हती. गोळीला काय, ती कुठूनही येते.

खिडकी बंद म्हणून खोलीत अंधार, आणि अंधार म्हणून पाट बाहेर गॅलरीत मांडला. रवा होता घरात, तूपही होतं थोडं. शिरा केला, निरांजन लावलं आणि कुंकवाचा करंडा आणायला आत गेले. येऊन बघते तर फोटोला हा भला मोठा पांढरा हार. अंगणातल्या तगरीची फुलं काढून हे सकाळपासून कोपऱ्यात बसून ओवत होते. मी समजत होते, देवासाठी.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"का? वाढदिवसाला दर वर्षी घालतोच की त्याला हार."

"त्याला घालतो. फोटोला नव्हे."

ह्यांनी फोटोकडे पाहिलं आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चेहरा पार उतरला.  चष्म्यामागून बघणाऱ्या ह्यांच्यावर ओरडावं की रडावं, काही सुचेना. हार काढायला हात पुढे केला, तर तो काढवेना. घातला तो अपशकुन झालाच, आता काढला तर आणखी काही व्हायचं. कुणाला विचारायचं? शेवटी तशीच ओवाळू लागले.  पोराचं ते गोबरं तोंड त्या पांढऱ्या फुलांतून बघितलं आणि मला हुंदका आवरला नाही. मी रडते म्हणून हेही पंच्याने डोळे पुसायला लागले.

समोरच्या चाळीत मालन म्हणून एक बाई नवीनच राहायला आली होती. तिने आपल्या गॅलरीतून हे सगळं पाहिलं. लहान मुलाचा फोटो, पांढरा हार, पुढे दिवा, आणि दोन म्हातारी माणसं रडतायत. तिला तरी काय दोष द्यायचा? त्या दिवसांत मुंबईत माणूस मेला म्हणजे गोळीनेच मेला, दुसरं काही कुणाच्या मनातच येत नव्हतं, आणि तिने तसंच वाडीभर सांगितलं.

थोड्या वेळाने जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. मला वाटलं पोलीस. पण ती मागच्या चाळीतली पोरं होती, पुढे जयवंत. ह्या जयवंतला मी नुसता पाहून ओळखत होते, येता-जाता "आजी" म्हणायचा. त्याने डोक्यावरची टोपी काढली, फोटोला नमस्कार केला आणि फोटो उचलला.

"आजी, ह्याला आम्ही असं फुकट जाऊ देणार नाही."

 मला वाटलं, तार आली. नैरोबीची तार आली, पोस्टात कुणीतरी वाचली, आणि म्हाताऱ्यांना कसं सांगावं म्हणून ही पोरं आली आहेत. ताप उतरलाच नव्हता तर.

"तुला... तुला कसं कळलं रे?"

"सगळ्या वाडीला कळलंय, आजी."

मी भिंतीला धरून खाली बसले.   पोरं वळली, तशी त्यांच्यातला एक जण हळूच ह्यांना विचारतो, "अप्पा, गोळी कुठे लागली हो त्याला?"

गोळी. नैरोबीत कुठली गोळी? मग सगळा घोटाळा माझ्या ध्यानात आला. देवा, माझा हेरंब आहे. एक श्वास सुटला, आणि दुसरा आत घेते तोच तो अडकला. कारण खाली घोषणा सुरू झाल्या होत्या. पोरं फोटो घेऊन नाक्यावर निघाली होती. नाक्यावर बंदुका. माझ्या नातवाच्या वाढदिवसापायी कुणाकुणाची पोरं आता मरणार होती.

"अरे, तो नैरोबीला आहे," हे कठड्यावरून ओरडले. ओरडले कसले, आवाज फुटला तेवढाच. खालून कुणीतरी म्हणालं, "अप्पा, सांभाळा स्वतःला."

काय सुचलं कोण जाणे. मी आत गेले, शिऱ्याचं पातेलं उचललं आणि तशीच अनवाणी जिना उतरले. आयुष्यात कधी त्या जमावाच्या वाऱ्याला उभी राहिले नसते मी.  कोपरांनी वाट काढत वाडीच्या दरवाजापाशी पोचले आणि जयवंतच्या पुढ्यात आडवी उभी राहिले. माझ्या पाठीमागे रस्ता होता. तिकडून शिट्टी वाजली, कुणीतरी हिंदीत दरडावलं. माझी पाठ नुसती थंड पडली होती.

"जयवंता, मागे फीर. जिवंत आहे तो."

त्याने माझ्याकडे इतक्या कळवळ्याने पाहिलं, की मला कळलं, म्हातारीचं डोकं फिरलं असं समजतोय हा.

"आजी, घरी चला. मी सोडतो."

"मेल्या, हात पुढे कर आधी." त्याच्या हातात मी शिऱ्याचा गोळा दिला. "गरम आहे की नाही? ज्या घरातलं पोर गेलं त्या घरात चूल पेटते का रे? आणि तुपातला शिरा होतो? केळं घातलंय त्यात. वाढदिवस आहे त्याचा. आफ्रिकेत आहे तो आईबापाजवळ, आणि हार घातला आमच्या ह्यांनी, त्यांना अक्कल नाही म्हणून."

जयवंत हातातल्या शिऱ्याकडे बघत राहिला. मागची पोरं माना उंच करकरून बघायला लागली. घोषणा आपोआप थांबल्या. मग जयवंतने तो शिरा तोंडात घातला आणि तिथेच, दरवाजाच्या पायरीवर, मटकन खाली बसला. "आजी, आम्ही खरंच गेलो असतो हो," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. इतका वेळ मला वाटत होतं मीच एकटी घाबरलेय.

कुणीतरी वाडीचा दरवाजा लावून घेतला. मी प्रत्येकाच्या हातावर शिरा ठेवत सुटले. कुणी हसलं, कुणी म्हणालं, नातवाला शंभर वर्षं आयुष्य. मी शहाणी, अंगात वारं भरल्यासारखी शिरा वाटतेय. सगळ्यांच्या मागे एक बाई उभी होती, पदर घट्ट ओढून घेतलेली. तिच्याही हातावर ठेवला.

तिने तो खाल्ला नाही. हात तसाच पुढे धरून उभी राहिली.

"घ्या ना हो," मी म्हटलं.

"सुतक असा माका," ती म्हणाली.

 जयवंत उठून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, तेव्हा मला उमगलं ही कोण ते. परवाच्या मुलाची आई. पातेलं कुठे लपवू असं मला झालं.

"माका सांगल्यानी, तुमच्या घरातला पोर गेला," ती सावकाश बोलत होती. "म्हटला, जावन बाजूक बसूया. तुमचो नातू जितो असा ना? बरा झाला."

तिच्या हातावरचा शिरा मी परत घेतला.  मग दुसरं काही सुचलं नाही म्हणून मुलाचं नाव विचारलं.

"दगडू," ती म्हणाली. "आधीची दोन ऱ्हवली नाय, म्हणान ह्येका दगडू नाव ठेवलंय. म्हटला, दगडाक कोण नेतलो?"