वकिलातीच्या फाटकावर स्तोइलमामा

आमच्या सोफियात माणूस गेला की त्याच्या फोटोची काळ्या कडेची चिठ्ठी दारावर, झाडावर, बसथांब्यावर चिकटवतात. दरवर्षी नवी. स्तोइलमामाची मात्र कधीच लागली नाही. आई लावूच देत नाही.

१९८४ साली मामा एकोणीसचा, आई आठची. तिला एका परदेशी वकिलातीसमोरच्या झाडाखाली उभी करून तो म्हणाला, "हलू नकोस, आलोच." आणि वकिलातीची भिंत चढून आत उतरला. आत आपले पोलीस हात लावू शकत नाहीत, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वकिलातीने कळवलं, आत कोणी आलंच नाही. पुढे कम्युनिस्ट सरकार पडलं, वकिलात काचेच्या नव्या इमारतीत गेली, ही ओस पडली. आई अजून ऑफिस सुटलं की तिथे तासभर उभी राहते. बर्फातसुद्धा! गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, तरी थांबली नाही.

मग मीच ठरवलं, बास. पंधराची आहे मी, अख्ख्या शाळेसमोर भाषण ठोकते, एक चिठ्ठी लावता येणार नाही? चार छापून आणल्या आणि भर दुपारी गंजक्या फाटकावर एक चिकटवली.

"ए भवाने, परक्या देशाची हद्द आहे ती!" चौकीतले गेन्कोकाका ओरडले.

"गंज तर आपलाच आहे ना, काका?"

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी गायब. शेजारच्या झाडावरची कुणा आजोबांची चिठ्ठी मात्र शाबूत.

"काका, तुम्ही काढलीत?"

"मेलेल्याची चिठ्ठी? हात झडतील माझे!"

पुन्हा लावली, पुन्हा गायब. तिसरी लावून मी तिथेच ठाण मांडलं. वारा पडलेला. फाटकाच्या दोन दारांमधल्या फटीवर कागद फुगला, खपाटीला गेला आणि सर्रकन आत ओढला गेला. मी फटीला डोळा लावला. आत गुडघाभर गवत, कुठेही न तुडवलेलं.

मागे आई उभी होती. कधीची, कोण जाणे.

"डिंक दे," एवढंच म्हणाली.

शेवटची चिठ्ठी तिने स्वतः लावली. फटीवरचा कागद आतबाहेर होऊ लागला, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. आईने त्यावर तळहात ठेवला.

"दादा, पाय दुखतात रे माझे. मी घरी जाते."

कागद हळूहळू थांबला. तिने हात काढला, तरी थांबलेलाच राहिला.