झाकणावरचं नाव

अपेक्षाने नवव्या पेटीतला वाडगा काढला आणि उलटा करून पाहिला. बुडाशी अंगठ्याचा ठसा होता, डावीकडे कललेला. आईचा.

तिने पेटीचं लाकडी झाकण वाचलं. कंपनीतल्या जपानी प्रकल्पासाठी शिकलेली अक्षरं तेवढ्यापुरती पुरेशी होती. जपानच्या उत्तरेकडचं एक डोंगरी गाव. कारागीर अज्ञात. आणि खाली बाबांचं नाव, लाल शिक्क्यासह.

बाबांना जाऊन सोळा दिवस झाले होते. जपानी मासिकं बाबांना, रामदास यांना, जपानी मातीकामाचे परदेशी जाणकार म्हणत. तीस वर्षं त्यांनी तिकडच्या भांड्यांविषयी लिहिलं, भाषणं केली, प्रदर्शनं भरवली. तिकडे भांडं पेटीत ठेवतात, आणि जाणकार झाकणावर जे लिहितो, तीच त्या भांड्याची ओळख ठरते. या अकरा पेट्या तिकडच्या संग्रहालयात जायच्या होत्या. यादी करायला संग्रहालयातल्या मोरी-सान तासाभरात येणार होत्या.

वाडगा घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. आई मटार सोलत होती.

"आई, हा तुझ्या हातचा आहे."

"हो. मग?"

"झाकणावर जपानमधलं गाव लिहिलंय."

"माहितीये. शाई मीच उगाळून दिली होती."

अपेक्षाने वाडगा ओट्यावर जरा आपटूनच ठेवला.

"फोडू नकोस. फोडायचाच असता, तर मी तेव्हाच फोडला असता."

"तू बोलली का नाहीस?"

"त्र्याण्णव साल असेल. इथे कारखाना काढायला आलेले जपानी साहेब जेवायला होते. तुझ्या बाबांनी फळीवरून नेमका माझा वाडगा उचलला, तिकडचा समजून. अर्धा तास बोलले त्यावर. इतकं सुंदर, की मीसुद्धा ऐकत राहिले. पाहुणे गेल्यावर मी सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, खरा कारागीर नाव घालत नाही."

"आणि जाणकार घालतो! अकरा झाकणांवर अकरा वेळा!"

"हळू. शेजाऱ्यांना आयता विषय मिळेल. ते गेलेत, आता कुणाशी भांडतेस?"

"तेच ना. भांडायला तरी थांबायचं होतं त्यांनी."

आईने सोललेले मटार उगाच पुन्हा निवडायला घेतले.

मोरी-सान आल्या. बाबांच्या फोटोसमोर त्या इतका वेळ वाकून उभ्या राहिल्या, की अपेक्षाने नजर वळवली. मग एकेक पेटी उघडत त्या नवव्या पेटीपाशी आल्या. वाडगा दोन्ही हातांत धरून त्यांनी हलकेच इंग्रजीत विचारलं, हा नेमका कुठल्या भट्टीतला? सरांच्या पुस्तकांत या भट्टीचा उल्लेख नाही.

अपेक्षाने उत्तर केव्हाचं तयार ठेवलं होतं. कडक, नेमकं. फोटोकडे लक्ष गेलं आणि तिने नुसतं पेटीचं झाकण पालथं घातलं.

आई चहा घेऊन आली. आजवर पाहुण्यांसमोर कप ठेवून ती परत आत जात असे. आज तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"काय म्हणतायत?"

"भट्टी कुठली, विचारतायत."

"सांग, कर्वेनगर. आमच्या गच्चीवरची."

मग हात लांब करून तिने तिसरी आणि सातवी पेटीही आपल्याकडे ओढून घेतली.