उलट्या शिवणीची गोणी

गोणीच्या शिवणीची कापलेली कड बाहेरच्या बाजूला होती. नमुना काढायची परखी आत खुपसण्याआधी कौशल्याने त्या कडेवरून बोट फिरवलं. तागाच्या गोणीची कड आत असते. बाहेर राहिली तर तिचे दोरे हमालांच्या आकड्यात अडकतात. म्हणजे ही गोणी शिवून झाल्यावर उलटी करून भरली होती. शेजारचीही. थप्पीतल्या साऱ्याच.

"आकडा सारखा फसून राहिला बाई," नत्थुजी हमाल म्हणाला. "माह्या भावाची तूर हिवरखेडले घरात पडून हाये. अन् आपून आफ्रिकेतली उतरवून राहिलो."

कौशल्याने परखी आत खुपसली. त्या वर्षी वऱ्हाडात तूर मायंदाळ पिकली होती. बाजार समितीसमोर ट्रॅक्टरांची रांग हलत नव्हती, आणि मालक शेषरावांना परदेशातली तूर त्याहूनही स्वस्त मिळाली होती. इतकी स्वस्त का, हे दालमिलच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कौशल्याला ठाऊक होतं. महिनाभरापासून.

तेव्हा ही तूर विकणाऱ्या व्यापाऱ्याच्याच थोड्या गोण्या नमुन्यादाखल आल्या होत्या. रिकामा बारदाना कामगारांनी वाटून घ्यायचा, ही मिलची जुनी रीत. नत्थुजीने एक गोणी तिच्याकडे फेकली होती. "न्या घरी. मिरच्या वाळू घालाले कामी येते." घरी तिने ती धुतली, शिवण उसवून गच्चीवर पसरली, आणि आतला शिक्का उन्हात उघडा पडला. काटेरी झाड, त्याखाली दोन भाले.

तो शिक्का तिने आधी पाहिला होता. अलीझाच्या टेबलामागे, भिंतीवर.

अलीझा दिवाळीनंतर आयातीचं काम पाहायला आली. तिच्यासाठी काचेची केबिन झाली, एसी बसला. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत कौशल्याची प्रयोगशाळा. एसीचं पाणी नळीतून थेंब थेंब तिच्या खिडकीखालच्या डब्यात पडे. त्या पाण्याने धुतलेल्या काचेवर डाग राहात नाहीत, म्हणून कौशल्या ते जपून वापरी. डबा उचलताना रोज वाटे, पलीकडच्या गारव्यातलं आपल्याकडे एवढंच येतं.

मालक कौशल्याला नावाने हाक मारत. अलीझाला 'मॅडम' म्हणत. अमरावतीला रसायनशास्त्र शिकून आलेल्या कौशल्याने उमेदीची वर्षं ओलावा आणि खडे मोजण्यात घातली होती. मिलच्या वतीने सही करायचा अधिकार मात्र कधी मिळाला नव्हता. अलीझाला तो पहिल्याच महिन्यात मिळाला.

वाईट म्हणजे पोरगी चांगली होती. डबा घेऊन स्वतःच प्रयोगशाळेत येई.

"ताई, अम्मीने खिचडा दिलाय. तुमच्यासाठी बिनमटणाचा वेगळा."

एकदा कौशल्याने भिंतीवरच्या, फोटो आणि शिक्का असलेल्या त्या कागदाबद्दल विचारलं होतं.

"हा ना? हा आफ्रिकेतल्या एका टोळीचा म्होरक्या. गावं जाळतो, पोरांच्या हातात बंदुका देतो. म्हणून सगळ्या देशांनी मिळून निर्बंध घातले. याचे पैसे गोठवले, याच्या कंपनीशी व्यवहार करायचा नाही. हा तिचा शिक्का."

"अन् कोणी केला तं?"

"तर मेला तो! बँक खातं बंद, पोलीस घरी." ती हसली. "मी प्रत्येक विकणाऱ्याचं नाव तपासते ताई. आपल्याकडे नाही येत असा माल."

आला होता. दुसऱ्याच एका कंपनीच्या नावाने, गोणी उलटी करून. अलीझा कागद तपासे, बारदान्याला तिने कधी हात लावला नव्हता. गच्चीवरून उतरताना कौशल्याच्या मनात आलं होतं, उद्या सांगू. पण दुसऱ्या दिवशी मालक अलीझाला सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखी माणसं आधी काहून नाई भेटली!" कौशल्याने मिरच्या त्या गोणीवर पसरल्या, शिक्का झाकेल इतक्या जाड. पडू दे तिला तोंडावर. एकदा तरी.

आज सगळा माल आला होता. तिने नमुना तपासला. ओलावा ठीक, खडे नावापुरते. तुरीत काहीच खोट नव्हती. अहवाल घेऊन ती शेषरावांकडे गेली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"मालक, गोण्या उलट्या काहून हायेत?"

शेषरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग दार लोटून घेतलं.

"तुह्या नजरेतून सुटन कसं! बस." तिथे कौशल्या पहिल्यांदाच बसली. "जुनी हायेस म्हणून सांगतो. मीच म्हटलं त्यायले, उलट्या करून भरा. तूर त्येच, डाळ त्येच. खानाऱ्याले काय फरक पडते?"

"बँकेले कळलं तं?"

"सही कोनाची हाये?" ते हळूच हसले. "म्हणून तं देली तिच्याजवळ. अन् तिचं मुसलमानाचं नाव वाचलं, का दोष तिचाच; पुढं कोनी काई विचारत नाई."

कौशल्याच्या कानात पंख्याची घरघर भरून राहिली. इतके महिने जिच्यासाठी आपण जळत होतो, ती सही ही होती.

"तू फक्त पास लिही," शेषराव म्हणाले. "तिचं काई झालं, तं केबिन तुलेच देतो. सहीबी. तुहाच हक्क होता तो, मले समजत नाई का?"

हे ऐकायला ती किती वर्षं थांबली होती. आणि ऐकून तिला बरं वाटलं. त्या क्षणीही, आत कुठेतरी, बरं वाटलं. हे तिने स्वतःपाशी जसं होतं तसं नोंदवलं.

दारावर टकटक झाली. अलीझा आत आली. हातात कागद, निळी ओढणी, आणि अंगाबरोबर तिच्या केबिनचा तो गारवा. कौशल्याला तो आजही खुपला.

"सर, लॅबचा अहवाल झाला की मी सही करते. ताई, झाला ना?" तिने कागद टेबलावर ठेवला आणि पेनचं टोपण काढलं. "तुमचं काम असलं की मला टेन्शनच नसतं."

"झाला, झाला," शेषराव म्हणाले. "पास हाये. करा सही, मॅडम."

पेन कागदाला टेकलं. कौशल्या उठली आणि तिने अलीझाचं मनगट धरलं. ते गार होतं.

"सही नको करू," ती म्हणाली. मग ती शेषरावांकडे वळली. "हा माल मी पास करत नाई. चाल अलीझा, गोदामात. एक गोणी उलटी करून दाखवतो तुले. महिन्याभराआधीच दाखवाले पायजे होती."