चौकटीतला प्रश्न

‘हो’वरची मात्रा वरून दोन पिक्सेल कापली जात होती. दोनच, पण हुस्नाला ती दिसली, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

डेअरीच्या अ‍ॅपमध्ये दुधाची नोंद पुसण्याआधी ‘नक्की पुसायची का?’ असं विचारणारी चौकट वर यायची. तयार मिळणारी चौकट मराठी अक्षरांच्या डोक्यावर घट्ट बसे, म्हणून हुस्ना स्वतःची बांधत होती. तिनं ओळींना श्वास घ्यायला जागा दिली, कोपरे गोल केले, मागचा पडदा चाळीस टक्के गडद केला. बाहेर कुठंही बोट लावलं तरी चौकट हटायची नाही. ‘नंतर विचारा’ दाबलं, तर दहा सेकंदांनी पुन्हा हजर.

तपासायला उकार, वेलांट्या, जोडाक्षरं असलेलं वाक्य हवं होतं. बोटांतून आलं ते असं: ‘बेंगळुरूची नोकरी स्वीकारायची का?’

त्या नोकरीचं पत्र येऊन आठ दिवस झाले होते. उत्तराची मुदत आज संध्याकाळी संपत होती, आणि अम्मीला तिनं अजून काहीच सांगितलं नव्हतं. अब्बा गेल्यापासून माले गावातल्या या घरात दोघीच होत्या.

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. धुक्यानं डोंगर मागे सारला होता, खाचरं पुसट झाली होती; त्यांच्यावरही कुणी चाळीस टक्क्यांचा पडदा ओढला असावा. त्या पुसटपणावर तिचा प्रश्न तरंगत होता, पांढरा, गोल कोपऱ्यांचा. त्याच्या खाली, बांधावर, तीन बगळे ओळीनं बसले होते. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘नंतर’. ती ‘नंतर’कडेच बघत राहिली.

“हुस्ने!”

दारात अम्मी उभी होती. पिठाच्या हातात फोन, अंगापासून लांब धरलेला. अम्मीच्या फोनचा पडदा लहान आणि अक्षरं मोठी, म्हणून नवी चौकट हुस्ना आधी त्यावर घालून बघायची. आजही घातली होती. वाक्य बदलायचं तेवढं राहून गेलं होतं.

“म्हशीच्या दुधाची चुकलेली नोंद पुसाया गेले, तर हे मधी आलंय. तीनदा ‘नंतर’ दाबलं. हुसकलेल्या मांजरागत परत येतंय.”

हुस्नाचे कान तापले. “अम्मी, ते नुसतं तपासायला लिहिलंय.”

“व्हय? आनि आठ दिस ताटातला भात चिवडतीयास, ते बी तपासायला?”

हुस्नानं फोन घ्यायला हात पुढं केला, पण अम्मीनं तो सोडला नाही.

“‘हो’ न्हाई दाबलं मी, आनि ‘नाही’ बी न्हाई. सवाल तुझा हाय. पर अम्मीपायी ऱ्हायले असं उद्या म्हनशील, तर त्ये मला चालायचं न्हाई. मला म्हस हाय, शेजारी गोजराबाई हाय, आनि तिचं तोंड हाय. दिस कवा सरतो कळत न्हाई.”

हुस्नाला हसू आलं आणि डोळेही भरले. अम्मीच्या हातात चौकट पुन्हा उगवली. मात्रा आता पूर्ण दिसत होती. ‘नंतर’वर पिठाचा ठसा होता.

बाहेर बांधावर दोनच बगळे उरले होते.

“अम्मी,” ती म्हणाली, “मी बेंगळुरूला जातेय.”