आईलेकींचा एकच पेपर

चोवीस वर्षं कोर्टात न्यायाधीशांचे निकाल टाइप केल्यावर स्टेनोबाईंनी एका रविवारी जेवताना जाहीर केलं, "मीही लॉ कॉलेजची प्रवेशपरीक्षा देतेय. फॉर्म भरलाय."

लेकीचा घास हातातच राहिला. तीही तीच परीक्षा देणार होती, त्याच दिवशी.

"अगं आई, तिथे सगळी माझ्या वयाची पोरं असतील!"

"असू देत की. मला काय त्यांच्यातून जावई निवडायचाय?"

बाबांना हसता हसता ठसका लागला.

उतारे वाचणं म्हणजे बाईंच्या हातचा मळ. गाडी अडायची ती कोड्यांपाशी. गोल टेबलाभोवती सहा जण, ‘क’च्या शेजारी ‘ड’ नाही, ‘फ’च्या समोर ‘ब’... बाईंचं डोकं गरगरायचं. शेवटी लेकीने जेवणाच्या टेबलाभोवती खरीखुरी माणसं बसवली. बाबा, आत्या, आत्याचे यजमान, शेजारच्या शिंपीणकाकू आणि त्या दोघी.

"आत्या बाबांच्या शेजारी बसणार नाही," लेकीने अट घातली.

"मेले तरी नाही," आत्या म्हणाली. "हा अजून माझ्या ताटातलं पळवतो."

आणि बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोण कुणाशेजारी का बसत नाही, हे तर त्यांना तोंडपाठ होतं!

परीक्षेला दोघींना एकच हॉल मिळाला. मध्ये तीन रांगा. कोडं आलं तसं बाईंनी आत्याला ‘क’ केलं, बाबांना ‘ड’ केलं आणि चार मिनिटांत सगळं गणगोत बसवून त्या मोकळ्या झाल्या.

वेळ संपली आणि समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लगेच गुण उमटले. शंभरपैकी त्र्याण्णव! बाईंनी पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. पलीकडून लेकीने आधी नऊ बोटं दाखवली, मग एक. बाईंनी नऊ दाखवली, मग तीन. लेकीचा आ वासला.

"खाणाखुणा बंद!" पर्यवेक्षक धावत आले. "एकमेकींना ओळखता का तुम्ही?"

"ही माझी आई आहे, सर!" लेक ओरडली. "आणि हिने मला हरवलं!"

अख्खा हॉल खदखदून हसला. पर्यवेक्षकांनी आधी कपाळाला हात लावला, मग स्वतःच टाळ्या वाजवल्या. बाहेर बाबा गॅरेजमधलं काम टाकून तसेच मळक्या कपड्यांत उभे होते. दोघींनी त्यांना मधे धरून अशी गिरकी घेतली, की दोघींच्याही अंगाला ग्रीस लागलं.

लेकीला सकाळच्या वर्गात प्रवेश मिळाला, बाईंना संध्याकाळच्या. बाईंनी भीत भीत न्यायाधीशांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे आता तुम्ही माझ्या निकालांतल्या चुका काढणार?"

"त्या तर चोवीस वर्षं काढतेच आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "आता फक्त सांगून काढीन."