बर्फातला सोफा

मी ऑडवारचं फावडं बोलतोय. बर्फ उपसायचं, ॲल्युमिनियमचं पातं, दोन तुकड्यांचा दांडा, भडक केशरी रंग. डोंगरावरून बर्फ कोसळला आणि खाली कुणी गाडलं गेलं, की त्याला उकरून काढायचं, यासाठीच माझा जन्म झाला, असं दुकानदाराने मोठ्या गंभीरपणे सांगितलं. मी हरखलो. ऑडवारने एवढंच विचारलं, "हलकं आहे ना?"

ऑडवार निवृत्त दंतवैद्य. त्याच्या डोंगरातल्या लाकडी घरात मी शेगडीतली राख काढली, कुत्र्याची घाण उचलली, आणि एकदा माझ्यावर सॉसेजही भाजले गेले. मधल्या काळात मला धुतलं होतं, असं मी धरून चालतो. त्याच्या बायकोने, गुन्वोरने, दांड्याचा एक तुकडा खिडकीला टेकू म्हणून लावला. तो तिथेच राहिला.

माझं खरं काम ईस्टरच्या सुट्टीत. आम्हा नॉर्वेतल्या लोकांची स्की घालून डोंगर चढायची हौस मोठी, पण ती मुख्यतः वर जाऊन उन्हात बसण्यासाठी. ऑडवार बर्फात सोफा खणायचा: पाठीला कल, हातांना टेकण, थर्मासला कोनाडा. दातातली कीड कोरावी तितक्या निगुतीने. लोक लांबून बघायला यायचे. मी मात्र आतून कुढायचो. इतक्या वर्षांत एक माणूस गाडला जाऊ नये?

यंदा ईस्टर एप्रिलच्या अखेरीस आला. सोबत जावई होता, एस्किल. हिमस्खलनाचा छोटा अभ्यासवर्ग केल्यापासून तो कुठल्याही उताराकडे बघून आधी मान डोलवायचा. सकाळी त्यानेच सगळ्यांना बजावलं, की ऊन तापलं की बर्फ सुटतो, म्हणून दुपारच्या आत शिखर गाठून खाली यायचं. मग न्याहारी रेंगाळली. मग त्याचा काळा चष्मा सापडेना. शेवटच्या उताराखाली पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि स्की ओल्या साखरेत रुताव्यात तशा रुतत होत्या.

बर्फाची पेज झालीय, असं गुन्वोर म्हणाली. दुपारचा तो नियम बर्फ वाचता न येणाऱ्यांसाठी असतो, असं एस्किलने समजावलं.

"शेजारचे सगळे काल वर जाऊन आले," तो म्हणाला. "आपणच काय खालून फोटो काढायचे?"

ऑडवारचे गुडघे बोलत होते, पण जावयापुढे दमलो म्हणायचं कसं? तो म्हणाला, "आधी सोफा. मग कुठं जायचं तिथं जाऊ."

अर्ध्या दांड्यामुळे तो ओणवा होऊन खणू लागला. एस्किलला धीर निघेना.

"आण इकडे, ऑडवार. अशाने संध्याकाळ होईल."

त्याने भराभर खणलं. ऑडवार बसून बघत म्हणाला, "पाठ सरळ झाली रे. बसस्टॉपवर बसल्यासारखं वाटतंय."

झालं. एस्किलने फोन काढला, आणि ज्या ॲपने उताराचा कोन मोजायचा त्याने सोफ्याच्या पाठीचा मोजला. पुन्हा खणलं, पुन्हा मोजलं. घामाघूम होऊन तो सोफा पारखायला बसला. गुन्वोरने सोललेलं संत्रं त्याच्या हातात दिलं. त्याने डोळे मिटले.

तेवढ्यात वर तडा गेला. समोरचा अख्खा उतार एकदम निसटला आणि आम्ही जिथून चढणार होतो तिथे ढीग होऊन थांबला. संत्र्याचा रस एस्किलच्या बाहीत उतरत होता.

"मी सकाळीच म्हणालो होतो," तो पुटपुटला.

"म्हणाला होतास खरा," गुन्वोर म्हणाली. "सरक जरा, मला बसू दे."

ऑडवार मला हातात घेऊन उलटसुलट बघत होता. "दांड्याचा दुसरा तुकडा कुठं आहे गं?"

"खिडकीला."

त्याने दांड्याच्या रिकाम्या टोकावरून अंगठा फिरवला. मी गार पडलो. ज्या दिवसाची वाट बघत मी जन्म काढला, तो दिवस मी अर्ध्या हातानिशी गाठला असता. जमलं असतं मला? रोज स्वतःला विचारतो.

एस्किल आता क्लबात उतार कसा ओळखावा यावर व्याख्यानं देतो. त्यांत सोफा नसतो. खिडकीला लाकडी डाव लागलाय आणि मी पुऱ्या दांड्यानिशी दाराशी टांगलेला असतो.

डोंगरावर नेताना मला पुरतं न्या, एवढंच मागणं. आणि वर पोचलात की सोफाच खणून घ्या. राख काढायलाही आता माझी ना नाही.