समुद्राकडच्या भिंतीवरचे दिवे

बजाजनगरच्या रत्नमालानं आजवर कारखाने, मंगल कार्यालयं, कबड्डीची मैदानं उजळून दिली होती. वाळूजचे ठेकेदार तिच्या हाताची खात्री द्यायचे. म्हणूनच गोकुळशेठनं कोकणात किनाऱ्यावर रिसॉर्ट बांधलं, तेव्हा दिव्यांचं काम तिला दिलं. मार्चात तिनं समुद्राकडच्या भिंतीवर चौदा फ्लडलाइट चढवले आणि चाचणीसाठी रात्रभर चालू ठेवले.

सकाळी बाहेर येऊन बघते तर हिरवळीवर, पायऱ्यांवर, गटाराच्या जाळीत कासवाची पिल्लं. अंगठ्याएवढी. बहुतेक मेलेली, डोळ्यांना मुंग्या लागलेल्या. काही गाडीखाली चिरडून फरशीला चिकटलेली. माळी त्यांना पाचोळ्यासकट पाटीत भरत होता.

कुंपणापाशी कासवांच्या घरट्यांची राखण करणारा एक म्हातारा उभा होता. त्यानं शांतपणे सांगितलं, की वाळूतून वर आलेलं पिल्लू उजेडाकडं चालतं. अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्रच तेवढा उजळ दिसतो. काल मात्र तुमची भिंत उजळ होती.

रत्नमालानं हातातला चहा ओतून दिला. सात पिल्लं अजून हलत होती. ती दोघांनी पाण्याजवळच्या ओल्या वाळूत सोडली. मग तिनं शिडी लावली आणि चौदाच्या चौदा दिवे उतरवले.

ती शहरात परतल्यावर गोकुळशेठनं तिला ऑफिसात बोलावलं. समोर भज्यांची बशी होती. तेलकट बोटानं त्यानं फोनवर पिल्लांच्या ढिगाचा फोटो दाखवला आणि हसला.

"नारळाच्या बुडाशी टाकायला सांगितलं. खत लई चांगलं होतं म्हणे."

स्क्रीनवर उमटलेला तेलाचा ठसा बघून तिला तिथं बसवेना.

"मी ते दिवे परत लावणार नाय, शेठ."

"दुसरा लावंल."

"लावंल. सकाळी उठून त्यालाबी तेच दिसंल."

आठ दिवसांत दिवे परत लागले. रत्नमालानं त्या सकाळी आपल्या फोनवर काढलेले फोटो वन खात्याला पाठवले, पहिल्यांदा दिवे आपणच लावले होते तेही लिहिलं, स्वतःच्या नावानिशी. खात्याची माणसं येऊन गेली. पिल्लं निघायचा हंगाम संपेतो, मेअखेरपर्यंत, समुद्राकडचे दिवे बंद ठेवायला लावले. जूनमध्ये भिंत पुन्हा झगमगली.

गोकुळशेठची शहरातली कामं तिच्या हातून गेली. दिवाळीत मात्र त्याच्या माणसानं सगळ्या जुन्या कारागिरांसारखा तिच्याही दारी मिठाईचा डबा आणला. झाकणावर रिसॉर्टचा फोटो होता, पांढऱ्या उजेडात न्हालेल्या किनाऱ्याचा. तिनं डब्याला हात लावला नाही. माणसाला पाणी दिलं आणि डबा जसाच्या तसा परत न्यायला सांगितला.